दगडावर दगड

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहून द्या" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. शाळेत इतिहास शिकले तो सनावळ्या पाठ करण्यापुरता, आणि पुढे संसारात पडल्यावर सनावळ्यांपेक्षा वाणसामानाच्या यादीचेच पाठांतर अधिक झाले. परंतु गेल्या हिवाळ्यात मुलीकडे बोरिवलीस गेले असता तेथे एक जागा पाहावयास मिळाली, आणि ती पाहिल्यापासून मनात जे घोळत राहिले ते आपणा सर्वजणींच्या कानावर घालावे असे वाटले. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे. ती तोंडाने सांगणे जमले नसते. कागदावर जमेल असे वाटते.

भगिनींना आठवत असेल, मागल्या श्रावणातील बैठकीत आपल्या गल्लीतील महादेवाच्या देवळाच्या भिंतींना आतून फरशा बसवाव्यात असा ठराव आला होता. हळदीकुंकवाच्या निमित्ताने जमलेला निधी त्या कामी लावावा, भिंती धुवायला सोप्या जातील, देऊळ उजळ दिसेल, असे मुद्दे निघाले. तो ठराव मांडणारी मीच. भाव वाढल्यामुळे काम पुढे ढकलले गेले, एवढेच. आता तो विषय पुन्हा सभेपुढे येणार आहे. त्यापूर्वी ही हकीकत वाचावी, अशी माझी विनंती आहे.

देवगिरी एक्स्प्रेसने रात्री परभणीहून निघाले, सकाळी मुंबईस उतरले आणि लोकलने बोरिवली गाठली. मुलीने दोन दिवस मॉल दाखविले. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "एखादे देऊळ दाखव गं." तेव्हा ती मला रिक्षात घालून मंडपेश्वराच्या लेण्यापाशी घेऊन गेली. चहूकडे उंच इमारती, शाळा सुटलेल्या मुलांची गर्दी, आणि त्यामध्ये एका बुटक्या टेकडीच्या कुशीत कोरलेले हे लेणे. साधारण सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान केव्हातरी ते खोदले गेले असे अभ्यासक मानतात. समोर कोरीव खांबांचा मंडप, आत गाभाऱ्यात शिवलिंग, आणि बाजूच्या दालनात नृत्य करणाऱ्या शिवाचा मोठा शिल्पपट. मूर्तीचे हात, चेहरे झिजले आहेत, काही तुटले आहेत, तरी नाचाची लय दगडातून अजून दिसते. मी हात जोडले. आणि मग दुसऱ्या एका भिंतीकडे नजर गेली. तेथे भला मोठा क्रूस कोरलेला होता.

मी मुलीला विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "आई, जरा मागे सरक आणि वर बघ."

मागे सरून पाहिले, तर लेण्याच्या माथ्यावर जुन्या, पडक्या, छप्पर उडालेल्या भिंती उभ्या होत्या. दगडी, जाड, खिडक्यांच्या जागी आभाळ दिसणाऱ्या. त्या भिंती पोर्तुगीजांनी बांधलेल्या चर्चच्या. खाली आपला महादेव, आणि त्याच्या डोक्यावर, त्याच कातळावर, माउलीचे चर्च. दोन्ही एकाच दगडाच्या आधाराने उभी.

ही गोष्ट घडली कशी, ते मी नंतर वाचून काढले. वसईचा मुलूख आणि साष्टी बेट गुजरातच्या सुलतानाने १५३४ साली तह करून पोर्तुगीजांस दिले. साष्टी म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचा तो सगळा भाग, बोरिवली त्यातच. सैनिकांपाठोपाठ धर्मोपदेशक आले. फ्रान्सिस्कन पंथाचे अंतोनियो दो पोर्तो नावाचे पाद्री साष्टीत फिरून धर्मप्रसार करीत होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या पुढाकाराने मंडपेश्वराची पूजा बंद झाली, लेण्याचाच प्रार्थनेसाठी उपयोग होऊ लागला, आणि वर चर्च, मठ व मुलांना शिकविण्यासाठी विद्यालय उभे राहिले. शिवाच्या देवळासाठी असलेले उत्पन्नही त्या नव्या संस्थेकडे गेले. जवळजवळ दोनशे वर्षे तेथे लॅटिन प्रार्थना चालल्या. पुढे १७३७ ते १७३९ या काळात चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. मठ ओस पडला, लेण्यात पुन्हा बेलफूल वाहू लागले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. आज लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीला तेथे गर्दी लोटते. आणि ख्रिस्ती समाजाचे नांदते चर्च जवळच, पोयसरच्या टेकडीवर, वेगळे उभे आहे.

खरे सांगते, तो क्रूस पाहून प्रथम मला राग आला. रागाला कारणही आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी पुष्कळजणी गोव्यास मंगेशीला आणि शांतादुर्गेला जाऊन आल्या आहेत. मंगेशाचे मूळ ठिकाण कुशस्थळी, आज ज्याला कुठ्ठाळी म्हणतात ते; आणि शांतादुर्गेचे केळोशी. सोळाव्या शतकात त्या मुलखात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा १५६० च्या सुमारास भक्तांनी आपले देव तेथून हलवले आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, प्रियोळ आणि कवळे येथे आणून बसविले. आज आपण ज्या सुंदर देवळांची छायाचित्रे भिंतीवर लावतो, ती एका अर्थी निर्वासित देवांची घरे आहेत. ज्यांनी घर सोडले त्यांचे दुःख काय असेल, ते १९४८ पूर्वीचे दिवस ज्यांच्या घरी सांगितले जातात त्या मराठवाड्यातील बायकांना समजावून सांगायला नको.

मी अशी रागात उभी असता शेजारच्या दगडी पायरीवर एक वृद्ध बाई येऊन बसल्या. बहुधा चर्चमधून परतत असाव्यात. हातात जपमाळ होती. मला वाटले या इंग्रजी बोलणार. पण त्यांनी विचारले, "कुठच्या तुम्ही, बाय?" परभणीची म्हटल्यावर त्यांनी परभणी कुठे आले, तिकडे पाऊस कसा झाला, कापसाला भाव काय, अशी अगदी आपल्या आत्याबाईसारखी चौकशी केली. त्या तेथल्या मूळच्या ईस्ट इंडियन समाजाच्या. हे नाव ऐकून आपण फसतो. ही माणसे कोठून परदेशातून आलेली नव्हेत. साष्टी-वसईचे शेतकरी, कोळी, भंडारी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, म्हणजे १८८७ साली, त्यांनी हे नाव घेतले. बोली त्यांची मराठीच. लुगडे नेसण्याची त्यांची जुनी रीत, लग्नातली त्यांची गाणी, सारे याच मातीतले. त्या बाई म्हणाल्या, "आमच्या लग्नात उंबराचं पानी आनतात, वाजतगाजत. तुमच्यात?" मी म्हटले, "आमच्यात देवकाला उंबराची फांदी असते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग झालं की."

त्या "मग झालं की"ने माझा राग गेला असे नाही, पण त्याचे टोक बोथट झाले. ज्यांनी देऊळ बंद केले ते समुद्रापलीकडून आलेले राज्यकर्ते केव्हाच गेले. माझ्या शेजारी बसलेली बाई कोणाची? तिचे खापरपणजोबा याच लेण्यात बेल वाहात असतील. राग धरायचा तर तिच्यावर धरता येत नाही. आणि ज्यांच्यावर धरायचा ते उरले नाहीत. घरी आल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याने गोव्यात राहून येशूचे चरित्र मराठीत, ओवीछंदात लिहिले. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांना नवा धर्म सांगायचा तर ओवीतच सांगावा लागेल, हे त्या परक्या माणसाने ओळखले होते.

आणि उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. भीमाशंकरला गेलेल्या भगिनींनी देवळापुढची मोठी घंटा पाहिली असेल. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा तर प्रसिद्धच आहे. या घंटा देवळासाठी ओतलेल्या नाहीत; वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेल्या त्या घंटा. माउलीच्या प्रार्थनेसाठी ओतलेले धातू आज महादेवाच्या आरतीला वाजते. आपण खाली उभ्या राहून तो नाद ऐकतो, तेव्हा तो कोणाचा हे कोणी विचारते का?

हा प्रकार आपल्याच देशात झाला असेही नाही. ख्रिस्ती धर्माचे मोठे पीठ जे रोम शहर, तेथे तर हे पावलोपावली आहे. मी रोम पाहिलेले नाही, पण वाचले त्यातले सांगते. तेथील कोलोसियम या प्रचंड रंगमंडळाजवळ सान क्लेमेंते नावाचे चर्च आहे. आज रस्त्यावरून आत गेले की दिसते ते बाराव्या शतकातले. त्याच्या फरशीखाली चौथ्या शतकातले दुसरे चर्च आहे. आणि त्याच्याही खाली पहिल्या शतकातील रोमन इमारती आहेत: विटांच्या भिंती, अरुंद बोळ, आणि मिथ्र या देवाचे एक तळघरातले देवस्थान. हा मिथ्र म्हणजे नावाने आपल्या वेदांतील मित्राचा भाऊबंद. इराणच्या बाजूने त्याचे नाव रोमन सैनिकांपर्यंत गेले. त्याच्या वेदीवर बैलाचा वध करणारा देव कोरलेला असे, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बसून भक्त प्रसादाचे जेवण करीत. त्या पंथात स्त्रियांना प्रवेश नव्हता. आपले मंडळ तेथे निघू शकले नसते!

सुमारे ११०० साली जुने चर्च राडारोड्याने भरून काढले आणि त्याच्या भिंतींच्या आधाराने नवे बांधले. हळूहळू खालचे सगळे लोक विसरले. पुढे १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे बंडाची धामधूम चालू होती त्या वर्षी, तेथील मठाचे आयरिश पाद्री फादर जोसेफ मलूली यांनी खणायला सुरुवात केली, आणि खालचे चर्च, भिंतींवरच्या चित्रांसह, हाती लागले. आणखी खोल गेल्यावर रोमन घरे निघाली. पण तेथे जमिनीतून पाणी वाहात होते. ते काढून देण्यासाठी १९१२ ते १९१४ या काळात कोलोसियमच्या बाजूला जाणारा भुयारी नाला खणावा लागला. आजही सगळ्यांत खालच्या मजल्यावर उभे राहिले की भिंतीआड वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो म्हणतात.

यातली मला सर्वांत अधिक आवडलेली गोष्ट ही, की जो राडारोडा टाकून खालचे चर्च बुजविले, त्यानेच त्याला वाचविले. उघड्यावर राहिलेल्या रोमन इमारतींचे काय झाले? तेथला दगड संगमरवरी. संगमरवर भट्टीत भाजला की त्याचा चुना होतो. कित्येक शतके लोकांनी देवळांचे खांब, मूर्ती, शिलालेख फोडून भट्ट्यांत घातले आणि त्या चुन्याने घरे लिंपली. कोलोसियमचाही दगड असाच उपसून नेला. त्या मानाने पॅन्थिऑन नावाचे रोमन देवळ सुरक्षित राहिले, कारण ६०९ साली त्याचे चर्च झाले. तेथे प्रार्थना चालू राहिली म्हणून छप्पर राहिले. तेव्हा एका धर्माने दुसऱ्याची जागा घेतली ही गोष्ट नेहमी केवळ नाशाचीच असते असे नाही. कधी ती नाशाची असते, कधी वाचविण्याची, आणि मंडपेश्वरासारख्या ठिकाणी दोन्हीची.

मग प्रश्न येतो, की नवा देव जुन्याच जागी का बसतो? मला चार कारणे दिसतात. एक तर तयार पाया आणि घडवलेला दगड आयता मिळतो. दुसरे, उंचवटा, पाणी, सावली पाहूनच पहिल्याने ती जागा निवडलेली असते. ती दुसऱ्यालाही सोयीची. तिसरे, लोकांच्या पायांना तीच वाट ठाऊक असते. सणावारी त्याच टेकडीकडे वळायची सवय राजा बदलला म्हणून बदलत नाही. आणि चौथे, सत्ता. "आता येथे आम्ही आहोत" हे सांगायला जुन्या देवाच्या डोक्यावर उभे राहण्याइतके सोपे साधन नाही. पहिली तीन कारणे घरगुती आहेत, चौथे कठोर आहे. कोणत्याही अशा जागी ही चारही कमीजास्त प्रमाणात सापडतात.

कोणी म्हणेल, रोमची आणि मुंबईची गोष्ट परभणीला कशाला? पण आपणही अशाच थरांवर बसलो आहोत. औंढ्याचे नागनाथ आठवा. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत औंढा आपल्याच जिल्ह्यात होते. प्रदक्षिणा घालताना खाली पाहिले तर काळ्या दगडाची दाट कोरीव कामाची भिंत, हत्ती, देवता, नर्तकी. आणि वर पाहिले तर पांढरे, चुन्याचे, साध्या घडणीचे शिखर. खालचा भाग यादवकालीन, वरचा नंतरच्या जीर्णोद्धारातला. मधली आडवी रेघ म्हणजे इतिहासाची रेघ. आपण लहानपणापासून तिच्या भोवती फिरलो आणि ती कधी पाहिली नाही.

तेरला तर याहून नवल आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. तेथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे, आणि मागून अर्धगोल. असा आकार बौद्ध चैत्यांचा असतो. म्हणून पुष्कळ अभ्यासक मानतात की ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह होते आणि नंतर विष्णूचे देऊळ झाले. देऊळ कोणी कोणाचे घेतले याचा हिशोब मांडायला बसलो, तर आपल्याही वहीत दोन्ही बाजूंना नोंदी निघतील.

आणि रोमचा धागा तर थेट येथपर्यंत आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात पैठण आणि तगर ही दोन मोठी पेठेची गावे सांगितली आहेत. तगर म्हणजेच तेर. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर. तेथून साधे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जात आणि तेथून जहाजांत. तेरच्या परिसरातले असे जुने अवशेष रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवले, आणि आज तेथल्या सरकारी संग्रहालयात ते पाहता येतात. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेतून १९३८ साली एक हस्तिदंती बाई निघाली. वीतभर उंचीची, हातात पायात भरगच्च दागिने, कमरेला मेखला, दोन बाजूंना दोन दासी. ती भारतातून गेलेली. तिच्या जातीची हस्तिदंती कामे तेरला आणि आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदनला सापडली आहेत, आणि ती भोकरदनच्या कारागिरांच्या हातची असावी असे आज कित्येक विद्वान म्हणतात. रोमच्या अवशेषांत आपल्या मुलखातली बाई, कमरेवर मेखला घालून, दोन हजार वर्षे पडून होती! तिला राखेने सांभाळले.

आता माझी कबुली.

लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा आमच्या जुन्या घराच्या न्हाणीपाशी धुणे धुण्याचा एक मोठा काळा दगड होता. सासूबाई त्यावरच धुणे आपटत, त्यांच्या सासूबाईही. मीही बारा-तेरा वर्षे त्यावर घरातल्या सर्वांचे कपडे धुतले. मग न्हाणीघर नवे बांधायचे ठरले. गवंड्याने पहारीने दगड उलटा केला, तेव्हा खालच्या बाजूला चित्रे कोरलेली निघाली. तळाशी आडवा पडलेला माणूस, त्याच्यावर ढाल-तलवार घेऊन लढणारा, त्याच्या वर दोन बाया त्याला हात धरून नेताहेत, आणि सगळ्यांत वर तो हात जोडून पिंडीपुढे बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. गवंडी म्हणाला, "वहिनी, हा काय करू? जागा अडवतोय." मी स्वयंपाकघरात होते, पाहुणे यायचे होते. मी तेथूनच म्हटले, "फोडून पायात टाका." त्याने तसे केले.

तो वीरगळ होता, हे मला फार पुढे समजले. गावावर धाड आली, गुरे वळवून नेली, की जो आडवा गेला आणि पडला, त्याच्यासाठी गाव असा दगड उभा करी. खालून वर वाचायचा: लढाई, मरण, अप्सरा, कैलास. चंद्र-सूर्य असेतो याची आठवण राहो, असा वरच्या खुणेचा अर्थ. कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको त्या दगडाला कुंकू लावून गेली असेल. आणि मी, एक शिकलेली बाई, चूल सोडून दहा पावले न येता, त्याची खडी करविली. त्यासाठी ना पोर्तुगीज लागले, ना मोगल. आमच्या काळ्या दगडाचा संगमरवरासारखा चुना होत नाही, म्हणून तो इतकी शतके टिकला. पण खडी मात्र होते.

मंडपेश्वरात त्या क्रूसावर रागावून उभी असता मला हा दगड आठवला नाही. आठवला तो परतीच्या गाडीत, मनमाड सोडल्यावर. मग रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून आता आपल्या देवळाविषयी. आपले महादेवाचे देऊळ लहान आहे, पण त्याच्या आतल्या भिंतीचा दगड घडीव आहे. अशा जुन्या बांधणीत, जिला आपण हेमाडपंती म्हणतो, दगड चुन्याने चिकटवलेले नसतात. खाचा पाडून, एकमेकांत बसवून, स्वतःच्या वजनावर ते उभे असतात. त्यावर फरशी बसवायची तर सिमेंट धरावे म्हणून दगडाचा चेहरा छिन्नीने टोचावा लागतो. एकदा टोचला की कोरीव रेघ गेली. फरशी पुढे काढली तरी ती परत येत नाही. शिवाय सिमेंट आणि फरशीमागे ओल कोंडते, ती बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइलपेंटचेही तसेच. आज उजळ दिसते, पाच वर्षांत फुगून येते, मग खरवडताना दगडाची कातडी निघते. पोर्तुगीजांनी मंडपेश्वरात क्रूस कोरला तो निदान पुढच्यांना दिसतो तरी, आणि काय घडले ते सांगतो. आपली फरशी काहीच सांगणार नाही.

मी ठराव मांडला होता, तो मीच मागे घेत आहे. त्याऐवजी असे सुचविते. निधीतून प्रथम देवळाच्या छपराची गळती थांबवावी आणि भोवतालचे सांडपाणी पायापासून दूर वळवावे. दगडाचा खरा शत्रू पाणी. भिंतीवरचे जुने तेल आणि शेंदूर घासून काढण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारणा करावी. आणि प्रत्येकीने आपल्या माहेरच्या गावी गेल्यावर पारावर, वेशीपाशी, विहिरीच्या कडेला पडलेल्या जुन्या दगडांची वहीत नोंद करावी, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. दगड उचलून घरी आणू नये. जागेवरून हलला की त्याची अर्धी गोष्ट जाते. माझे माहेर जिंतूर तालुक्यातले. चारठाण्याचा तो उंच कोरीव स्तंभ आणि तेथली देवळे आम्ही लहानपणी लपंडावाला वापरली. आता मी ती वही घेऊन पाहायला जाणार आहे.

हे बायकांचे काम नव्हे असे कोणी म्हणेल, तर त्याला सेलू तालुक्यातील वालूर दाखवावे. तेथली गोल फिरत्या पायऱ्यांची बारव गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, आणि आता लांबलांबून लोक ती पाहायला येतात. बारवेचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या भरले कोणी? बायकांनीच. तिच्या पायऱ्यांची झीज ही आपल्याच पावलांची आहे.

बोरिवलीच्या त्या बाई उठून जाताना लेण्याकडे पाहून कपाळाला, छातीला आणि खांद्यांना हात लावून गेल्या. त्यांचा नमस्कार वरच्या पडक्या चर्चला होता की खालच्या महादेवाला, हे मी विचारले नाही. आमच्या न्हाणीघराच्या पायात मात्र एक माणूस गावासाठी मेला त्याची खडी आहे, आणि त्यावर मी रोज उभी राहते. त्याला कुंकू लावायला जागा उरलेली नाही. निदान महादेवाच्या भिंतीवर तरी छिन्नी पडण्यापूर्वी आपण दहा पावले चालून येऊ या, दगड उलटून पाहू या, आणि मग सभेत हात वर करू या.